बाहेरची भाकरी

एका जंगलात (कोणत्या ते विचारू नका मुलांनो, तिथले राजे अजून खुर्चीवर आहेत आणि मला अधूनमधून त्या वाटेने जावं लागतं), तर अशा एका जंगलात दर वर्षी कबड्डीचे सामने व्हायचे.

सामने नदीकाठच्या माळावर व्हायचे. ज्याला यायचं त्याने यावं, ज्याला जिथे बसायचं त्याने तिथे बसावं. हत्तीच्या मागे बसणाऱ्याला काही दिसायचं नाही, म्हणून हत्ती आपणहून शेवटच्या रांगेत बसायचे. एवढाच काय तो बंदोबस्त.

येताना प्रत्येक जण घरून डबा आणायचा. मध्यंतर झालं की डबे उघडायचे. अस्वलं सशांना मध द्यायची. ससे अस्वलांना काकड्या द्यायचे. माकडं सगळ्यांचं घ्यायची. गप्पा अशा रंगायच्या की सामना कोणी जिंकला हे पुष्कळांना दुसऱ्या दिवशी कळायचं.

मग शेजारच्या जंगलात एक मोठं स्टेडियम उभं राहिलं. त्या दिवसापासून आपल्या गोष्टीतल्या वाघराजांना जेवण गोड लागेना.

"आपल्याकडे काय आहे?" त्यांनी दरबारात विचारलं.

"माळ आहे, राजेसाहेब."

"माळ काय, सगळ्यांकडेच असतो!"

झालं. माळाला लागूनच स्टेडियम बांधायला घेतलं. आधी राजांसाठी विशेष कक्ष बांधला, त्यात मऊ गादी घातली. मग उरलेल्या जागेत मैदान बसवलं. चारही बाजूंनी उंच भिंत आली, आणि भिंतीला एकच दार.

इतके प्राणी येणार म्हणजे त्यांना भूक लागणार. तेव्हा खाण्यापिण्याचा ठेका देण्याची दवंडी पिटली. अट एकच होती, खाण्याचा दांडगा अनुभव हवा. आनंदराव नावाचं एक तरस पुढे आलं. जन्मभर दुसऱ्यांनी मिळवलेलं खाल्ल्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. इतका अनुभव जंगलात आणखी कोणाकडेच नव्हता. ठेका त्याला मिळाला.

आनंदराव सतत हसायचा. चांगली बातमी ऐकून हसायचा. वाईट ऐकून जास्त हसायचा. ठेका मिळाल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे दारावर एक पाटी लावून घेतली. 'बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास सक्त मनाई आहे.' खाली राजांच्या पंजाचा ठसा.

पाटीखाली गुलाबराव रानडुक्कर पहाऱ्याला उभा राहिला.

गुलाबराव वाईट नव्हता हं, मुलांनो. तो लाच खायचा नाही, कोणावर उगाच गुरगुरायचा नाही. त्याचं एकच होतं. पाटीवर लिहिलंय ते खरं, आणि लिहिलेलं नाही ते आपल्याला माहीत नाही.

याच जंगलात कोंडाबाई नावाची साळींदरीण राहायची. तिचा नवरा दगडोबा. तरुणपणी दगडोबा कबड्डीत नावाजलेला गडी होता. तो चढाईला आला की समोरचे गडी आधीच मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहायचे. काटे मिटून खेळायचा नियम तेव्हाही होता, पण दगडोबाचा दमच इतका लांब की काटे उघडायची वेळ कधी आली नाही.

आता तो म्हातारा झाला होता. त्याला भुकेची चक्कर यायची. वेळेवर दोन घास पोटात गेले नाहीत की गडी बसल्या जागी कलायचा. म्हणून कोंडाबाई त्याला घेऊन कुठेही निघाली की आधी डबा भरायची.

त्यांची मुलगी पारू. बापाचा दम तिने घेतला होता. त्या वर्षी ती पायथ्याच्या संघात खेळत होती, आणि पायथ्याचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला होता. आधीच्या सामन्यांना ती एकटीच जायची, आणि आईने बांधून दिलेल्या भाकऱ्या दारातच राहतात हे तिने घरी कधी सांगितलं नव्हतं. समोर टेकडीचा संघ. त्यात दोन अस्वलं, एक गवा, आणि बाकीचेही दणकट.

सकाळी निघताना पारू म्हणाली, "आई, चढाईला जायच्या आधी मी तुझ्याकडे बघणार. जागेवरून हलू नकोस."

"कशाला हलतेय?" कोंडाबाई म्हणाली. "मुळं फुटेपर्यंत बसते बघ."

तिने नाचणीच्या भाकऱ्या थापल्या. करांद्याची भाजी केली. पाट्यावर ठेचा वाटला. सगळं डब्यात भरून फडक्यात बांधलं, आणि दोघं नवराबायको लेकीचा सामना बघायला निघाली.

दारात गुलाबरावाने सोंड आडवी घातली. रानडुकराची सोंड हत्तीएवढी नसते, पण दारात आडवी आली की तेवढीच वाटते.

"फडक्यात काय?"

"भाकरी."

"बाहेरची?"

"नाही हो, घरची."

"घर आत आहे की बाहेर?"

"बाहेर."

"मग भाकरी बाहेरची. ठेवा इथे."

"गुलाबदादा, ह्यांना भुकेची चक्कर येते. वेळेवर खाल्लं नाही तर उभे राहत नाहीत."

"आत मिळतं सगळं."

"पण भाकरीने तुमचं काय बिघडतं?"

"सुरक्षेचा प्रश्न आहे," गुलाबराव म्हणाला. "कोणी भाकरी फेकून मारली तर?"

कोंडाबाईने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा स्वतःकडे. दोघांच्या अंगावर हातहातभर लांब, सुईसारखे टोकदार काटे.

"आणि हे?" तिने विचारलं.

गुलाबरावाने वळून पाटी पुन्हा एकदा नीट वाचली.

"काटे चालतील," तो म्हणाला. "काटे खाद्यपदार्थ नाहीत."

डबा ढिगावर गेला. ढीग तोवर चांगलाच उंच झाला होता. त्यात मधाची मडकी होती, काकड्यांच्या जुड्या होत्या, केळीच्या पानात बांधलेलं काय काय होतं.

"सामना संपल्यावर परत मिळेल ना?"

"परत देण्याबद्दल पाटीवर काही नाही," गुलाबराव म्हणाला, आणि मागच्या कासवाकडे वळला.

आत एक ओढा वाहत होता. निदान पाणी तरी मिळेल म्हणून कोंडाबाई तिकडे गेली, तर ओढ्याला कुंपण होतं. कुंपणावर पाटी होती, 'शोभेसाठी'.

दोघं जागेवर बसली. जागा छान होती, अगदी मैदानासमोर. खेळाडू आले. पारूने आईकडे बघितलं. कोंडाबाईने दोन्ही हात हलवले. सामना सुरू झाला.

थोड्याच वेळात दगडोबा म्हणाला, "अगं, मला दोन अस्वलांची चार दिसायला लागली."

कोंडाबाई उठली. "बसा तुम्ही. डोकं खाली घाला. मी काहीतरी घेऊन येते."

खाण्याच्या दुकानासमोर ही मोठी रांग. वर फळा टांगलेला होता. राजेशाही वडा. वनविहारी लाह्या. गार पाणी. त्या जंगलात चारोळ्या देऊन सौदा व्हायचा, आणि फळ्यावर एका वड्याला मूठभर चारोळ्या लिहिल्या होत्या. बाजारात तेवढ्यात आठवड्याचं धान्य यायचं. पण रांगेत कोणी काही बोलत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, पुढचा बोलेल.

मैदानातून मोठा ओरडा झाला. रांगेतून काही दिसत नव्हतं, समोर भिंत होती.

"काय झालं हो?" कोंडाबाईने पुढच्या सशाला विचारलं. सशाचे कान लांब, त्याला ऐकू यायचं.

"पायथ्याची कोणी साळींदराची पोर चढाईला गेली होती. पकडली."

"ती माझी आहे."

"असं होय!" ससा जरा ओशाळला. "दम चांगलाय हो तिचा. पण मध्येच थांबून कुठेतरी प्रेक्षकांत बघत बसली म्हणे."

रांग सोडून जावं तर नवरा पडेल. रांगेत थांबावं तर लेक पडेल. कोंडाबाई रांगेतच थांबली.

खिडकीशी पोहोचली तेव्हा आतमध्ये आनंदराव स्वतः उभा होता.

"एक वडा द्या."

"दोन मुठी."

"फळ्यावर एक मूठ लिहिलंय!"

"तेव्हा तुम्ही मागे होता," आनंदराव हसत म्हणाला. "सामना रंगात आला की दरही रंगात येतो."

तिने पदराची गाठ सोडली. होत्या नव्हत्या त्या सगळ्या चारोळ्या ओतल्या. वडा हातात आला. चांगलाच जड होता.

"वड्यात आत काय आहे?"

"आतही वडाच आहे," आनंदराव म्हणाला. "सगळीकडून सारखा. तीच तर खासियत." आणि पुन्हा हसला.

कोंडाबाई धावत जागेवर आली. वाटेत आणखी एक ओरडा झाला. पारू दुसऱ्यांदा पकडली गेली होती.

दगडोबाने वडा हातात घेतला. इकडून फिरवला, तिकडून फिरवला. साळींदराचे दात म्हणजे काय विचारता! झाडाची साल सोलतात, मुळं कुरतडतात. पण वड्यावर दात ठेवल्यावर वडा तसाच राहिला आणि दात सरकले.

"अगं," तो बारीक आवाजात म्हणाला, "हा कुठून सुरू होतो?"

आणि त्याचे काटे आडवे झाले. एकेक करून, पाठीवरचे, मानेवरचे, सगळे. साळींदराचे काटे असे आडवे झाले की समजावं, अंगात काही उरलं नाही.

आता हसू नका, मुलांनो. इथे हसायचं नाही. कोंडाबाईने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मैदानाकडे बघितलं. पारू रेषेबाहेर बसली होती. ती बापाकडेच बघत होती, आणि तिला तिथून उठता येत नव्हतं.

तेवढ्यात कोंडाबाईला वास आला.

नाचणीच्या भाकरीचा वास सगळ्यांनाच ओळखू येतो. पण आपल्या तव्यावरच्या भाकरीचा वास फक्त आपल्याला ओळखू येतो. तिने दगडोबाचं डोकं शेजारच्या कासवाच्या पाठीवर ठेवलं, "जरा बघा हो यांच्याकडे," म्हणाली, आणि नाक वर करून वासामागे निघाली.

वास दुकानाच्या मागे गेला. तिथे एक खोली होती. खोलीत आनंदरावाचे भाऊबंद बसले होते, आणि त्यांच्यासमोर दारावरचे सगळे डबे. एक जण डबे उघडत होता. एक जण तबकात वाढत होता. मध, काकड्या, केळीच्या पानातलं काय काय. आणि मधोमध, नक्षीच्या वाटीत, कोंडाबाईचा ठेचा. तबकावर चिठ्ठी होती, 'आईच्या हातची थाळी. फक्त विशेष कक्षासाठी.'

"ही भाकरी माझी आहे," कोंडाबाई म्हणाली.

आनंदराव आतून आला. "होती," तो म्हणाला. "बाहेर असताना तुमची होती. आत आली, आमची झाली."

"माझा नवरा तिकडे कललाय. एक भाकरी द्या, बाकी ठेवा."

"अवश्य! पाच मुठी."

"माझ्याकडे काही उरलं नाही. सगळं वड्यात गेलं."

"मग वडा खायला घाला," आनंदराव म्हणाला, आणि इतका हसला की त्याच्या भाऊबंदांनाही हसावं लागलं.

कोंडाबाईचे काटे सरसरून उभे राहिले. हसणं जरा मागे सरकलं. पण तरसं बरीच होती आणि ती एकटी. शिवाय भाकरी हिसकावून पळाली असती तर गुलाबरावाने तिला चोर म्हणून धरलं असतं.

गुलाबरावाचं नाव मनात आलं आणि कोंडाबाई थबकली. तिचे काटे हळूहळू खाली आले. "बरं," ती म्हणाली, आणि तडक दाराकडे चालू लागली.

"गुलाबदादा," ती म्हणाली, "तुमचा नियम आत धाब्यावर बसवलाय हो."

गुलाबरावाच्या मानेवरचे केस ताठ झाले. "कोणी?"

"ते मी कशाला सांगू? पण आत बाहेरचे खाद्यपदार्थ आहेत. ढीगभर आहेत."

"माझ्या दारातून?" गुलाबराव उसळून म्हणाला. इतका अपमान त्याचा कधी झाला नव्हता. तो धडधडत निघाला, कोंडाबाई मागोमाग.

खोलीच्या दारात तो उभा राहिला. डब्यांकडे बघितलं. तबकांकडे बघितलं.

"ये गुलाबराव," आनंदराव हसून म्हणाला. "हे आपलंच आहे."

"हे कुठून आलं?"

"दारातूनच की! तूच जप्त केलंस ना?"

"म्हणजे बाहेरून आलं."

"अरे पण आता आत आहे!"

"तोच तर गुन्हा आहे," गुलाबराव म्हणाला.

"गुलाबराव, शहाणा हो. तुला या दारात कोणी ठेवलं?"

"पाटीवर ते लिहिलेलं नाही," गुलाबराव म्हणाला, आणि उचलायला लागला.

त्याने मडकी उचलली. डबे उचलले. तबकं जशी वाढली होती तशीच उचलली. खेपा घालत सगळं दाराबाहेर माळावर नेऊन ठेवलं. शेवटच्या खेपेला त्याला फळीच्या मागे एक छोटा डबा दिसला, स्वच्छ फडक्यात बांधलेला.

"तो माझा!" आनंदराव ओरडला. "बायकोने दिलाय."

"बायको कुठे असते?"

"घरी."

"घर आत की बाहेर?"

आनंदराव हसायचा थांबला. त्याला न हसता बघायची त्याच्या भावांची ही पहिलीच वेळ होती. दोघांनी त्याला ओळखलंच नाही.

इकडे मध्यंतराची शिट्टी झाली. कोंडाबाईने दगडोबाला काखेत धरलं, कासवाने मागून ढकललं, आणि दोघांनी मिळून त्याला दाराबाहेर आणलं. माळावर गवतात बसवून कोंडाबाईने आपला डबा शोधला. भाकरीचा तुकडा भाजीच्या रसात बुडवून त्याच्या तोंडात घातला. मग दुसरा. तिसऱ्या घासाला मानेवरचा एक काटा उभा राहिला. मग त्याच्या शेजारचा. कोंडाबाई घास भरवत होती आणि काटे मोजल्यासारखे एकेक उठत होते. पाठ पुरती उभी राहिली तेव्हा कुठे तिने डोळे पुसले.

"ठेचा कुठाय?" दगडोबा म्हणाला.

तेव्हा तिला खात्री पटली.

तोवर वास भिंतीवरून आत गेला होता. आधी ससे बाहेर आले. मग अस्वलं, मग माकडं. ज्याने त्याने आपला डबा शोधला आणि पंगत बसली. हत्ती बिचारे सवयीने शेवटच्या रांगेत बसले. टेकडीचे खेळाडू आले, पायथ्याचे आले. पारू धावत आली.

"आई, कुठे होतीस गं?"

"रांगेत."

"मला दोनदा पकडलं."

"ऐकलं मी."

"आणि बाबांना काय झालं होतं?"

"वडा," दगडोबा म्हणाला. "ये, बस. अर्धी भाकरी खा, जास्त नको. दम जड होतो."

आता विशेष कक्षाकडे वळू. वाघराजे गादीवर बसून आपल्या थाळीची वाट बघत होते. स्टेडियम झाल्यापासून ते दर सामन्याला ही थाळी खात होते, अर्थात फुकट, आणि आनंदरावासारखा आचारी साऱ्या मुलखात नाही असं सगळ्यांना सांगत होते. (वाघ भाकरी खातो का, असं विचारणाऱ्या मुलाने बाहेर जाऊन उभं राहावं. गोष्ट माझी आहे.)

आनंदरावाकडे वाढायला दुसरं काहीच उरलं नव्हतं. त्याने तबकात वडा ठेवला. वर कोथिंबीर भुरभुरली.

राजांनी तो सबंध तोंडात टाकला. काड्कन आवाज झाला. वडा जसा होता तसा बाहेर आला. सोबत सुळ्याचा एक टवका आला.

"हे काय आहे?"

"राजेशाही वडा, राजेसाहेब."

"मी हा कधी खाल्ला नाही!"

"नाही ना. तो प्रजेसाठी आहे."

"मग त्याला राजेशाही का म्हणायचं?"

"नाहीतर प्रजा घेणार नाही, राजेसाहेब."

राजांनी मैदानाकडे बघितलं. मैदान रिकामं होतं. मग त्यांनाही वास आला. गाल धरून ते खाली उतरले आणि वासामागे दाराबाहेर आले, आनंदराव त्यांच्या मागोमाग.

कोंडाबाई उठली. राजा झाला तरी दारात आलेल्याला विचारायची रीत असते. "बसा राजेसाहेब," ती म्हणाली. "घासभर खाऊन घ्या."

राजे गवतात बसले. भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, तोंडात घातला. त्यांचे डोळे विस्फारले.

"हीच ती! आनंदराव, अरे हीच तुझ्या आईच्या हातची!"

"त्यांच्या आईची नाही, राजेसाहेब," कोंडाबाई म्हणाली. "पारूच्या आईची."

मग तिने सगळं सांगितलं. ढीग, खोली, तबकं, चिठ्ठी. पंगतीतल्या प्रत्येकाने आपापला डबा वर करून दाखवला.

आता राजांना भयंकर राग यायला हवा होता, मुलांनो. तुम्हालाही तसंच वाटतंय ना? पण तोंडात भाकरी असताना राग नीट येत नाही. राजे नुसतं "हं, हं," करत राहिले आणि ठेचा पुसून खात राहिले. मग मध्यंतर संपल्याची शिट्टी झाली. राजे उठले. उरलेली भाकरी त्यांनी पंजात धरली आणि आपल्या गादीकडे निघाले.

दारात सोंड आडवी आली.

"फडक्यात नाही, म्हणून दिसत नाही असं समजू नका," गुलाबराव म्हणाला. समोर राजे होते, पण सोंड हलली नाही. "बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येणार नाहीत, राजेसाहेब."

"मी कोण आहे माहीत आहे का?"

"हो. खाली ठसा तुमचाच आहे."

राजांनी पाटी वाचली. ठसा बघितला. डरकाळी फोडावी तर सुळा दुखत होता.

"राजेसाहेब, नियम बदला की," मागून ससा म्हणाला.

"नियम बदलला तर लोक म्हणतील, राजाचं आधी चुकलं होतं."

"मग भाकरी ठेवून जा."

राजांनी भाकरीकडे बघितलं. भाकरी अजून मऊ होती.

"सामना बाहेर आणा," राजे म्हणाले.

मग काय! माकडांनी फांदीने माळावर रेषा ओढल्या. अस्वलांनी दगड वेचले. आणि सामन्याचा दुसरा भाग जुन्या जागी, उघड्या आभाळाखाली सुरू झाला.

पायथ्याचा संघ मागे होता. पारू चढाईला उभी राहिली. तिने वळून बघितलं. आई जागेवर होती, बापाचे काटे उभे होते, आणि बाप तोंडात घास असतानाच ओरडत होता, "घाई करू नकोस! दम धर!"

ती मध्यरेषा ओलांडून गेली. गवा डावीकडून आला, ती वाकली. एका अस्वलाला पंजा लावला. दुसऱ्या अस्वलाने तिचा पाय धरला आणि सगळा माळ उभा राहिला. ती पडली. पण दम सुटला नाही. कबड्डी, कबड्डी, गवतात तोंड खुपसून ती म्हणतच होती. अस्वल ओढत होतं, गवा वर येऊन पडला, आणि ती जमिनीला चिकटून, नखांनी माती उकरत, तसूतसूने पुढे सरकत होती. काटे मात्र तिने मिटलेलेच ठेवले. दगडोबाने ओरडायचं थांबवलं होतं. तोही बसल्या जागी दम धरून होता.

पारूचं बोट रेषेला लागलं.

असा ओरडा झाला की नदीतल्या मगरी वर आल्या. दगडोबाने श्वास सोडला. "बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "बघितलंस का?"

"बघितलं," कोंडाबाई म्हणाली. "हे मी बघितलं."

पायथ्याचा संघ जिंकला. गुलाबरावालाही कोणीतरी भाकरी देऊ केली. त्याने आधी खाली बघितलं, आपण दाराच्या कुठल्या बाजूला उभे आहोत ते तपासलं, एक पाऊल बाहेर टाकलं आणि मग खाल्ली.

आणि वाघराजे? त्यांनी माळावर नजर फिरवली. वारा, नदी, पंगत, हसणारी पोरंबाळं. त्यांचं मन भरून आलं.

"किती छान वाटतं इथे!" ते म्हणाले. "इतक्या छान जागेला भिंत नाही, म्हणजे काय!"

पुढच्या वर्षापर्यंत माळाभोवती भिंत उभी राहिली. नवं दार आलं, नवी गादी आली, पाटीही नव्या रंगात आली. ठेका आनंदरावालाच मिळाला, कारण आता त्याच्याकडे एका स्टेडियमचा जास्त अनुभव होता. तो पुन्हा हसायला लागला.

सामन्याच्या दिवशी सगळे डबे घेऊन दारात आले. गुलाबरावाने सोंड आडवी घातली.

"गुलाबदादा," कोंडाबाईने गोड आवाजात विचारलं, "ते जुनं स्टेडियम आता कुठे येतं हो? आत की बाहेर?"

गुलाबरावाने पुष्कळ विचार केला. "या भिंतीच्या बाहेर," तो म्हणाला.

"मग तिथे डबा चालतो?"

"बाहेर बाहेरचं चालतं."

सगळे वळले आणि जुन्या स्टेडियममध्ये जाऊन बसले. सावली चांगली होती. दगडोबाला राजांची जुनी गादी दिली. प्रेक्षक तिकडे गेले म्हणून खेळाडूही गेले. नव्या स्टेडियममध्ये राजे, आनंदराव आणि वड्यांचा डोंगर उरला.

असं ऐकतो की मध्यंतराच्या सुमाराला हल्ली कोणीतरी घोंगडी पांघरून हळूच जुन्या स्टेडियममध्ये येतं. घोंगडीखालून पट्टे दिसतात. शेपटी तर सबंधच बाहेर असते. पण कोणी काही बोलत नाही. पंगत थोडी सरकते, आणि एक पान आणखी मांडलं जातं.

तात्पर्य : मुलांनो, नियम कधीही मोडू नये. तो इतक्या इमानाने पाळावा, की ज्याने तो केला त्याला जेवायला चोरून यावं लागेल.